पिवळ्या फुलांचा काढा

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की गिरणीवाले मामा काढा पिऊन बरे झाले.

कोपऱ्यावरचा शिंपी ही गोष्ट ओठांत टाचण्या धरून सांगतो, त्यामुळे ती सगळी नाकातून येते: "डॉक्टरांनी हात टेकले होते, हाऽत! पालेवालीनं एक मुळी उगाळून दिली आणि रोग जो पळाला तो पळालाच." समोरच्या माडीवरच्या काकू हाच मजकूर कुजबुजत सांगतात, पण त्यांची कुजबुज तळमजल्यावर ऐकू जाते: "एका आठवड्यात रिपोर्ट कोरा! अगदी कोरा करकरीत, बाई!" आणि पाववाल्याचं ऐकाल तर मोठमोठे डॉक्टर गाड्या घेऊन ती मुळी मागायला आले होते, पण म्हातारीनं दार उघडलं नाही.

यातलं खरं एवढंच, की मामा होते, काढा होता आणि म्हातारी होती. बाकी सगळा वाफारा. मामा बरे झालेले नाहीत. मामा बरे आहेत. या दोन वाक्यांच्या मधे एक गोळी आहे. ती ते रोज घेतात आणि जन्मभर घेणार आहेत. एचआयव्ही त्यांच्या अंगात आहे, गोळीच्या धाकानं कोपऱ्यात गप बसलेला. काढ्याचं म्हणाल, तर त्या काढ्यानंच एकदा त्याला उठवून बसवलं होतं. मी तिथे होते, तेव्हा सहावीत होते, आणि सगळ्यांचे आवाज मला अजून पाठ आहेत.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्या घराच्या खालीच त्यांची पिठाची गिरणी होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. काचेचं दार आहे, आत गारवा सोडलेला असतो, आणि फरशी इतकी पुसलेली की तिथे कुणी येऊन गेलं हेही कळत नाही. गिरणीत पाऊल टाकलं की ते उमटायचं. वरच्या कोपऱ्यांतल्या जळमटांवर पीठ बसून त्यांचे जाड पांढरे दोर झाले होते, ते मोटारीबरोबर थरथरायचे. भिंतीलगत डब्यांची रांग. डब्यावर चिठ्ठी नाही, काही नाही. मामा पोचे बघून मालक ओळखायचे. "हा पडका शिंप्याचा. हा एका कानाचा काकूंचा." पत्र्याच्या नसराळ्यातून धान्य आत जायचं आणि खालच्या कापडी बाहीतून पीठ यायचं, ऊन ऊन. थंडीच्या दिवसांत मी त्या पिठात कोपरापर्यंत हात खुपसून उभी राहायचे. मामा बघून न बघितल्यासारखं करायचे आणि तो डबा नेमका आमचाच असायचा.

गिरणीला स्वतःचा आवाज होता. पट्ट्याला एके ठिकाणी जोड होता, तो चाकावरून गेला की टपका द्यायचा: घुर्र टप, घुर्र टप. इतकी वर्षं हे ऐकून मामांचा डावा कान गेला होता आणि उजवा जाण्याच्या वाटेवर होता. पण ऐकू आलं नाही असं म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून जे कळत नसे त्याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "दळून ठेवतो."

"मामा, आज आमच्याकडे जेवायला या."

"दळून ठेवतो."

"अरे, तुझा तो शाळेतला दोस्त काल गेला म्हणे!"

"संध्याकाळपर्यंत दळून ठेवतो."

मामी नव्हत्या. म्हणजे एकदा व्हायच्या होत्या, पण तो विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. आजार कसा झाला असं विचारणारे पुष्कळ भेटले. मामा त्यांना "झाला" एवढंच सांगायचे आणि नसराळ्यात बघत राहायचे.

पण आजाराची बातमी फुटली ती गिरणीतच, आणि फोडली माझ्या आईनं, जी रोज "मी काही बोलत नाही" असं म्हणून तासभर बोलते. मामांच्या गोळ्या आणायच्या होत्या. आई खाली गेली आणि त्यांच्या उजव्या कानाशी लागली.

"गोळ्या संपल्या का?"

"काय?"

"गोळ्या रे, गोळ्या!"

"कसल्या गोळ्या?"

आईनं इकडेतिकडे बघितलं. बायका होत्या, पण मोटार चालू होती. शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नव्हता. आईनं पोटातून सूर लावला, "एचआयव्हीच्या!" आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. मोटार बसली, पट्टा थांबला, आणि आईचा तो एकच शब्द पिठासारखा हवेत तरंगत राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीलगत डबे नव्हते. एकदोन पोच्यांचे होते, तेही दुपारी नोकराकरवी परत नेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावून सांगितलं होतं की हा आजार पिठातून, हातातून, कपबशीतून होत नाही. आईनं ते गल्लीला समजावून सांगितलं. गल्लीनं मान डोलावली आणि पलीकडच्या रस्त्यावरची गिरणी गाठली. मामा रिकाम्या दगडाला टाकी लावत बसायचे. टाकी लावणं म्हणजे दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करणं. त्या दिवसांत तो दगड इतका खरखरीत झाला की त्यावर लोखंडाचं पीठ झालं असतं.

मग आली पालेवाली मावशी. ही चौकात बसायची, पुढ्यात वाळलेला पाला, साली, मुळ्या. खोकल्याची पुडी वेगळी, पोटाची वेगळी, झोपेची वेगळी. नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. मामासुद्धा तिला मावशीच म्हणायचे आणि ती त्यांना "ए गिरणीवाल्या". तिचं बोलणं म्हणजे आडकित्त्यानं सुपारी फोडावी तसं, आणि प्रत्येक बोलण्याला एकच शेपूट: "कळलं का? नाही कळलं तरी चालेल."

ती किटली घेऊन आली. एक रिकामा डबा उलटा केला आणि गिरणीच्या उंबऱ्यात बसली. मामांच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला, त्यातला चहा स्वतः पिऊन टाकला, त्याच कपात किटलीतलं ओतलं, अर्धं प्याली आणि उरलेलं त्यांच्या हातात दिलं. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बसले आहे इथे. रोज बसणार. आता मला काय होतंय ते बघत बसा. कळलं का? नाही कळलं तरी चालेल."

ती रोज दुपारी बसायला लागली. तिला काही झालं नाही, उलट तिनं जरा अंग धरलं. हळूहळू पोचे परत आले.

किटलीत असायचा पिवळ्या फुलांचा काढा. चिमुकली फुलं, वाळवलेली, चुरलेली. "मन जड झालं की ही फुलं," मावशी म्हणायची, "अंगाला नाही, मनाला." मामांचं मन जड होतं यात शंकाच नव्हती. ते तो काढा प्यायचे, फुलांसाठी थोडा आणि ओतणारीसाठी बराच. चार घोट गेले की त्यांच्या चेहऱ्यावरचं पीठसुद्धा सैल व्हायचं.

पण गल्लीला काय, रोज किटली दिसत होती आणि रोज मामा ठणठणीत दिसत होते. दोन नि दोन चार. काढ्यानं बरे झाले! मामांनी ते खोडून काढलं नाही, कारण डबे येत होते. मावशीनंही नाही. चौकात लोक तिला वाट करून द्यायला लागले होते. आयुष्यभर जिला "ए पालेवाली" म्हटलं, तिला शिंपी उठून खुर्ची देत होता.

आणि मग मामांच्या रक्ताचा रिपोर्ट आला.

दवाखान्यात आई त्यांच्याबरोबर जायची, त्या दिवशी सुट्टी म्हणून मीही गेले. डॉक्टरीणबाईंचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय आणि ते उठेल. मामांच्या दृष्टीनं त्या नुसते ओठ हलवायच्या.

"विषाणूंचा आकडा वाढलाय," त्या म्हणाल्या. "इतके दिवस अगदी दबलेला होता. गोळ्या चुकतात का?"

आईनं हे उजव्या कानात पोचवलं. मामा दुखावले. "एक नाही चुकली. मोटार चुकेल, मी नाही चुकणार."

"अहो, पण मग असं व्हायला नको. असंच राहिलं तर या गोळ्या कायमच्या निकामी होतील. मग दुसऱ्या शोधाव्या लागतील, आणि त्याही लागू पडतीलच असं नाही." त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. "त्यांच्याकडच्या उरलेल्या बघून घ्या."

सिस्टर मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीकडे बोट करून म्हणाल्या, "गोळ्या काढा."

मामा म्हणाले, "दोन्ही घेतो."

सिस्टर गोंधळल्या. "दोन्ही कशा? गोळ्या काढा."

"तेच सांगतोय ना, बाई. गोळ्या पण घेतो, काढा पण घेतो."

आईनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या, आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा आवाज पहिल्यांदाच ते झोपलेलं बाळ उठेल इतका चढला: "कसला काढा?"

मामांनी खिसा उलटा केला. खिशातून पीठ पडलं, एक वायसर पडला, सुतळीचा तुकडा पडला, आणि चार वाळक्या पिवळ्या पाकळ्या पडल्या. बाईंनी त्या कागदावर घेतल्या, वास घेतला, संगणकावर एक चित्र शोधून पडदा मामांकडे वळवला. "हीच का?"

"हीच."

मग त्यांनी सांगितलं, आणि आईनं ते कानात ओतलं. ही फुलं मन हलकं करतात, त्यात खोटं काही नाही. पण ती यकृताला जास्त कामाला लावतात, आणि यकृत मग गोळीचं औषध वेळेआधीच मोडून बाहेर टाकतं. गोळी घेतली जाते, पण रक्तात पुरेशी टिकत नाही.

मामांनी विचार केला. "म्हणजे दगड भलताच जोरात फिरतोय. बाही लावायच्या आत पीठ उडून जातंय."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या, हा काढा आजपासून बंद. काही आठवड्यांनी परत रक्त तपासू. आलं, पुदिना चहात घाला, काही बिघडत नाही. पण नवीन काहीही आधी मला दाखवायचं." आणि मग, पुन्हा त्या बाळाच्या आवाजात, "मन फार जड असतं का हो? त्यालाही औषध आहे, माझ्याशी बोला."

आईनं सांगितलं. मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आईनं पुन्हा सांगितलं.

"गिरणी चालू असली की नसतं," मामा म्हणाले.

आता काढा बंद करायचा तर मावशीला सांगायला हवं. आणि मावशीला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. काढ्यानं बरा झाला म्हणून जे डबे आले, ते काढा खोटा ठरल्यावर राहतील? आणि जी सगळ्यांसमोर त्यांच्या कपातलं उष्टं प्याली, तिला सांगायचं की बाई, तुझ्या हातचं पिऊन मी खचत चाललो होतो?

"मी काही बोलत नाही," आई म्हणाली, आणि जिना उतरून चढेपर्यंत बोलली. "सांग तिला! तिला काय वाटेल यापायी तू मरणार का?"

"दळून ठेवतो," मामा म्हणाले. या वेळी त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

पुढचे काही दिवस त्यांनी काढा पिण्याचं नाटक केलं. कप ओठाला लावायचे, घसा वरखाली करायचे, आणि मावशीची पाठ वळली की मोटारीमागच्या मोरीत ओतायचे. नक्कल वाईट होती. मी त्यांना सांगितलंही, "मामा, घोट गेल्यावर माणूस श्वास सोडतो, तुम्ही धरून ठेवताय." एके दिवशी मावशीनं पाठ वळवलीच नाही. कप हातात दिला आणि समोर उभी राहिली, हात कमरेवर.

"पी."

मामांनी कप खाली ठेवला. हे मात्र हळू सांगायचं होतं, चारचौघींत ओरडून नाही. म्हणून त्यांनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं: दळण नसराळ्यात असताना मोटार बंद केली.

घुर्र थांबलं. टप थांबलं. रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या, शिंप्यानं टाचण्या काढल्या, वरून काकू कठड्याला आल्या. आणि मामा, ज्यांना हळू म्हणजे किती हे कधीच कळलं नव्हतं, त्या भयाण शांततेत गरजले:

"मावशी, तुमचा काढा माझ्या गोळीला खातो! मी बरा झालेलो नाही! गोळीवर आहे, गोळीवरच राहणार! काढा बंद!"

मावशीचा चेहरा पडला. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला खालच्या आवाजात बोलताना तेव्हाच ऐकलं. "म्हणजे मी तुला विष पाजत होते?"

मामांना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या तोंडातून सवयीनं गेलं, "दळून ठेवतो."

ती किटली उचलून निघून गेली. शेपूट जोडलंच नाही. तिच्यामागून रांगेतल्या काही बायका पुढे झाल्या, आपापले पोचे ओळखून डबे उचलले आणि पदर सावरत बाहेर पडल्या. मामांना काय झालं ते मी कानात सांगितलं, तिचं वाक्य तिच्या आवाजात, जसंच्या तसं. ते उलट्या डब्यावर बसले.

"आता ती यायची नाही," मी म्हणाले.

"येईल."

"नाही येणार. तुम्ही चेहरा बघितला नाही. पैज!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. हरलीस तर मावशीच्या पिशवीतला सगळ्यात कडू पाला. एक कप, उकळलेला. तोंड वाकडं न करता."

"आणि तुम्ही हरलात तर?"

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. "मी हरलो तर हरलोच की. अजून काय पाहिजे तुला?"

दुसऱ्या दिवशी मामांनी आमचा एकट्याचा डबा नसराळ्यात रिकामा केला आणि मोटार लावली. दुपार कलली. उंबरा मोकळा. मला जिंकायची घाई नव्हती; खरं सांगायचं तर पहिल्यांदाच मला आपण चुकावं असं वाटत होतं. मामा दगडाकडे बघत होते, पण बाहीखालचा डबा भरून पीठ जमिनीवर सांडायला लागलं तरी त्यांना दिसलं नाही.

ती आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. एका हातात किटली, दुसऱ्या खांद्यावर तिची सगळी पिशवी. आत येऊन तिनं स्वतःच मोटारीचा खटका ओढला.

"दवाखान्यात जाऊन आले," ती म्हणाली. "त्या बारीक आवाजाच्या बाईच्या टेबलावर सगळी पिशवी उपडी केली. म्हटलं, गोळ्या घेणाऱ्या माणसाला यातलं काय चालतं नि काय नाही, ते सांग. एकेक पुडी हुंगायला लावली तिला. शिंकून शिंकून बेजार झाली बिचारी." मग ती रस्त्याकडे वळली आणि तिचा आवाज पूर्ववत झाला. "ऐका गं सगळ्यांनी! हा बरा झालेला नाही. गोळीनं ठणठणीत आहे. माझ्या काढ्यानं उलट घात होणार होता. मी याचं उष्टं प्याले ते काढ्याच्या भरवशावर नाही प्याले. ज्यांना दळण पाहिजे त्यांनी डबे आणा, ज्यांना नको त्यांनी उपाशी बसा!"

वरच्या काकूंचा एका कानाचा डबा सगळ्यात आधी आला. त्यांनी तो माडीवरून दोरीला बांधून खाली सोडला, स्वतः न उतरता, पण सोडला.

मावशीनं कपात ओतलं. गरम पाणी, आल्याची चकती, पुदिन्याची दोन पानं. अर्धं प्याली, अर्धं मामांच्या हातात दिलं.

"मन जड झालं की मला हाक मारायची. फुलं नाहीत, पण मी आहे. आणि त्या बाईशी पण बोलायचं. कळलं का?"

आणि थांबली. उत्तरासाठी थांबलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"कळलं," मामा म्हणाले.

पुढच्या तपासणीत आकडा परत खाली गेला. गल्लीनं दोनदा आपल्या कानांनी खरं ऐकलं, तरी गोष्ट मात्र काढ्याचीच धरून ठेवली. मावशी चौकात पुडी देण्याआधी प्रत्येकाला "गोळ्या कसल्या घेतोस?" असं दरडावून विचारायला लागली, आणि काही गिऱ्हाइकं त्यामुळेच तुटली. ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मामांनी कप रिकामा केला, खरा घोट घेतल्यावर माणूस सोडतो तसा श्वास सोडला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, हिला एक कप कडू."

"किती कडू?"

"हिचं तोंड बघता, जेवढा असेल तेवढा."

मावशीनं पिशवीच्या तळातून एक काळपट पुडी काढली. आईनं वर उकळून आणला. कपातला रंग मोरीच्या पाण्यासारखा होता. मामा उलट्या डब्यावर, मावशी उंबऱ्यात, आई दाराला टेकून, तिघंही माझ्या तोंडाकडे टक लावून. मी तो एका दमात प्यायले. तोंड सरळ ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते पैजेत नव्हतं.